डाव्या पायडलाचा ठोका

आमच्या दाजींइतका बेताल गाणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि आमच्या दाजींइतका तालात गाणाराही अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत आणि माझे कान अजून शाबूत आहेत. फरक एवढाच, की दाजी जमिनीवर बसून गात असले म्हणजे पहिली गोष्ट खरी, आणि सायकलीवर बसून गात असले म्हणजे दुसरी. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढे वाचू नये. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस, पटवून देण्याची कला मला नाही. पण अलिबागच्या बाजारात मी चाळीस वर्षे सायकलींचे दुकान चालवले. तेवढ्यात निम्म्या गावाला सायकलीवर बसवले नि निम्म्याला पडल्यावर उचलले. माणूस सायकलीवर एक असतो आणि खाली उतरला की दुसरा असतो, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचे घर नागावात, आमचेही नागावात, मध्ये फक्त नारळाच्या दोन वाड्या. दाजी अलिबागच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला करण्याच्या कामावर होते. अक्षर असे, की मूळ कागद नि नक्कल शेजारी ठेवली तर लोक नकलेवरच विश्वास ठेवायचे. उंच, काटकुळे, अंगात काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि या दोहोंच्या मध्ये एक असे नाक, की समोरून येणाऱ्याला आधी ते दिसावे नि मग दाजी दिसावेत. गळा मात्र फार गोड. सुराचे तर त्यांना वेडच होते. अक्का भाकरी थापायला बसली आणि तिच्या बांगड्या वाजल्या, की हे ओसरीवरून ओरडणार, "अगं, ती हिरवी बांगडी काढून ठेव, गंधार उतरतोय." अक्का म्हणायची, "गंधार उतरू दे, तव्यावरची भाकरी उतरू दे, मग बघू." सूर असा पक्का. पण ताल म्हणून जी वस्तू असते ती परमेश्वराने दाजींना दिलीच नव्हती. साधी टाळी वाजवायला सांगितली तर दोन्ही हात एकाच वेळी एकमेकांपाशी पोचतील याची खात्री नसे.

नागावच्या देवळात दर एकादशीला संध्याकाळी भजन असायचे. दाजींचा जीव त्यात. पण तिथे पखवाजावर बापू सुतार बसायचा. बापू म्हणजे रंधा मारतानासुद्धा आठ मात्रा मोजणारा माणूस. दाजींनी एकदा अभंग धरला आणि तो संपेपर्यंत बापूने तीन वेळा पखवाज थांबवला. शेवटी तो म्हणाला, "दाजी, गळा तुमचा ग्वाड हाय, त्यात न्हाय म्हनायला जागा न्हाय. पन तुमी समेवर येता तवा आमी घरी जाऊन जेवलेले असतो." सगळे देऊळ हसले. दाजीही हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखे केले. तेव्हापासून मंडळींनी त्यांच्याकडे पानसुपारीचे तबक फिरवण्याचे काम दिले. दाजी तबक घेऊन फिरायचे, एकेकापुढे वाकायचे आणि ओठातल्या ओठात गात राहायचे. टाळ त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून ते खांबाला वरती टांगून ठेवत. ही थट्टा नव्हे, मी स्वतः ते टांगलेले पाहिले आहेत.

मग दाजींनी सायकल घेतली. कुणा बदलून गेलेल्या साहेबाची, विलायती, काळी, उंच, रेवसच्या धक्क्यावरून आलेली आणि बरीच वापरलेली. शिकवली मी, नागावच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाळू घट्ट ओली असते तेव्हा. दाजी आठवडाभर पडले. दोनदा समुद्रात गेले, एकदा वाळत घातलेल्या मासळीत गेले. तिथल्या कोळणीने त्यांना जे काही म्हटले, ते त्यांच्या सुंदर अक्षरातही लिहिता आले नसते. आठव्या दिवशी तोल सापडला, आणि तोल सापडला तसा दाजींनी आनंदाने अभंग धरला. मी मागून धावत होतो. धावता धावता थांबलो. दाजी तालात गात होते. एकेक अक्षर आपापल्या जागी पडत होते, सम अशी येत होती की जणू उंबऱ्यावर वाटच पाहत बसली होती. दाजी दूरवर जाऊन वळून आले, पण त्यांना अजून उतरता येत नव्हते, म्हणून माझ्याभोवती गोल गोल फिरत राहिले नि ओरडले, "बाळू, ऐकलंस? अरे, ऐकलंस का?" मी म्हटले, "ऐकलं. ब्रेक दाबा."

हे कसे झाले त्याबद्दल तीन मते होती. दाजींचे म्हणणे, नाकात वारा गेला की ताल सुटत नाही. माझे म्हणणे, पडायच्या भीतीने माणूस शुद्धीवर राहतो. रोज आमच्याबरोबर सायकल मारणाऱ्या हसनचे म्हणणे, खुदा जाने. खरे कारण तिघांच्या कानांशी रोज वाजत होते, पण ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. त्या सायकलीच्या डाव्या क्रँकची पिन ढिली होती. ही पिन म्हणजे बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा असतो, तो क्रँकला आसाशी जखडून ठेवतो. तो ढिला झाला की पायडलाच्या दर फेऱ्याला एक ठोका देतो. डावा पाय खाली गेला की ठक. पुन्हा खाली, पुन्हा ठक. मला तो ठोका दातात अडकलेल्या काट्यासारखा खुपायचा. दहा वेळा म्हटले, "दाजी, एक दिवस सायकल दुकानात ठेवा, पिन आवळून देतो." पण दाजींना रोज सायकल लागायची. त्यामुळे पिन तशीच राहिली आणि दाजींचा ताल चालू राहिला.

हसन म्हणजे चौलचा हसन शिंपी. अलिबागच्या बाजारात माझ्या दुकानाला लागूनच त्याचे मशीन होते. सकाळी तो चौलहून सायकल हाणत यायचा आणि नागावच्या तिठ्यावर आम्ही दोघे त्याला मिळायचो. तिथून अलिबागपर्यंत आमचे भजनी मंडळ. दाजी मधोमध पुढे, उजवीकडे अर्धे चाक मागे हसन, डावीकडे अर्धे चाक मागे मी. दाजींनी अभंगाची ओळ म्हणायची आणि आम्ही ती उचलायची. हसनचा आवाज भरदार. माझ्या आवाजाबद्दल दाजींचे मत असे, की तो हवा भरायच्या पंपासारखा आहे. "बाळू, तू नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हण. बाकीच्या शब्दांना इजा करू नकोस." मीही पाच वर्षे नुसते विठ्ठल विठ्ठल म्हटले, पण ते त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. संध्याकाळी परतताना पाळी हसनची. तो त्याच्या वडिलांकडून आलेली नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे गाणे, म्हणायचा आणि ओळी आम्ही उचलायच्या. दाजींनी त्या सगळ्या बाळबोध अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. एखादा उच्चार चुकला की हसन पायडल थांबवून म्हणायचा, "दाजीसाहेब, हा खे गळ्यातून काढा, नाकातून नको. नाक मोठं आहे म्हणून सगळाच माल तिथून काढायचा नसतो."

या गाण्याचे दाजींचे काही कायदे होते आणि ते कचेरीतल्या कायद्यांपेक्षा कडक होते. पहिला म्हणजे समेवर आल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. त्यामुळे कचेरीच्या दारात पोचलो आणि अंतरा अर्धा राहिला असला, की दाजी कचेरीला प्रदक्षिणा घालायचे. पक्षकार, वकील, शिपाई सगळे पायऱ्यांवर उभे राहून पाहायचे. शिरस्तेदार खिडकीतून डोके काढून म्हणायचे, "दाजी, अकरा वाजले." दाजी पलीकडच्या कोपऱ्यावरून दिसेनासे होता होता सांगायचे, "आलोच साहेब, एक कडवं." शिरस्तेदार मनाने भले. पुढे पुढे ते अकरा वाजता खिडकीत यायचे ते ओरडायला नव्हे, तर कडवे कुठले चालले आहे ते पाहायला.

दुसरा कायदा घंटीचा. दाजींचे म्हणणे, घंटी गाण्याच्या सुरात वाजली पाहिजे, नाहीतर एखाद्या म्हशीला बाजूला करताना अभंगाचा खून होतो. समोरच्या न्हाव्याची बाजाची पेटी मागून आणून त्यांनी माझ्या दुकानातल्या एकूण एक घंट्या एका दुपारी वाजवून पाहिल्या. बाजारातल्या निम्म्या लोकांना वाटले, अलिबागला नवे देऊळ झाले. एकही घंटी पसंत पडली नाही. शेवटी घरी जाऊन त्यांनी अक्काच्या देवघरातली पूजेची घंटा काढली आणि ती तारेने हँडलला बांधली. ती बरोबर त्यांच्या षड्जात होती म्हणे. अक्काने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सायकलीची घंटी देव्हाऱ्याच्या फळीला ठोकून घेतली. त्या घरात पुढे कित्येक वर्षे आरतीला ट्रिंग ट्रिंग वाजायचे, आणि रस्त्यात दाजी आले की लोक टोप्या काढून नमस्कार करायचे.

रहाटांशी तर त्यांचे उभे वैर. आमच्याकडे वाड्यांना पाणी रहाटाने द्यायची रीत. बैल गोल फिरतो, लोखंड कुरकुरते, पोहरे भरून वर येतात. रस्त्याच्या कडेला एक रहाट असा होता की तो दाजींच्या लयीला बरोबर आडवा यायचा. एकदा ते उतरले, अर्थात समेवर, आणि वाडीत शिरून त्या शेतकऱ्याला म्हणाले, "तुमचा बैल जरा हळू चालवा. तो धड दुगुणीत नाही नि धड बरोबरीत नाही." शेतकऱ्याने बैलाकडे पाहिले, दाजींकडे पाहिले. म्हणाला, "तेला दहा वर्सं झाली फिरून. आजवर कुनी काय बोललं न्हाय. तुमीच जरा पुढं पळा ना." बाजाराला मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी तर आमची वाटच पाहायच्या. "आली बघ गानारी वरात," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "गानी ऐकून हलवा नासला माझा." पण एखादा दिवस आम्ही उशिरा निघालो तर त्याच कोळणी दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "काल कुठं मेले होतात रं तिघं?"

असे चालले होते. तेवढ्यात बापू सुताराने दाजींना ऐकले. कुठल्याशा वाडीत दाराची चौकट बसवायला गेला होता, कुंपणाआड पाणी पीत उभा होता आणि आम्ही रस्त्याने गात गेलो. तो त्याच संध्याकाळी दाजींच्या ओसरीवर आला. बसला. तंबाखू मळली. म्हणाला, "दाजी, सकाळी गात होतात ते तुमीच ना?" दाजी म्हणाले, "मीच." बापू म्हणाला, "मग येत्या एकादशीला देवळात म्हना. मी वाजवतो." एवढेच बोलून उठला. दाजी आत गेले आणि देवघरातली सायकलीची घंटी त्यांनी एकदा वाजवली. अक्का मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाळ्या, लग्नात सुद्धा हे इतके खूश नव्हते."

आता मला असे वाटले, की या प्रसंगाला दाजींनी असल्या खडखडत्या सायकलीवरून जाऊ नये. त्यांचा बेत असा होता, की कचेरी सुटल्यावर गात गात निघायचे, देवळाच्या दारात समेवर उतरायचे आणि अंगातला ताल गार व्हायच्या आत तडक आत जाऊन बसायचे. बेत उत्तम होता. एकादशीच्या दुपारी मी कचेरीच्या आवारातून त्यांना न विचारता सायकल उचलून दुकानात आणली. सबंध खोलली. चेन रॉकेलमध्ये धुतली, तेल दिले, तारा ओढल्या, नळ्या पुसून लखलखीत केल्या, आणि ती पिन, जी पाच वर्षे मला खुपत होती, ती हातोडीने ठोकून पान्याने अशी आवळली की आसाला नि क्रँकला पुन्हा कधी वेगळे होता येऊ नये. सायकल उचलून पायडल फिरवले. चाक निव्वळ श्वास सोडल्यासारखे फिरले. माझ्या हातून त्याहून चांगले काम कधी झाले नाही, हे मी आजही सांगेन.

त्या संध्याकाळी दाजींनी वाटेत अभंग धरला तो दुसऱ्याच ओळीला घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. म्हणाले, "घसा सुकलाय. देवळात गेल्यावर होईल." हसन माझ्याकडे पाहत होता, मी पुढे पाहत होतो. देवळात माणसे दाटीने बसली होती. शिरस्तेदारही मुद्दाम आले होते. दाजी बसले, बापूने पखवाजावर हात ठेवला, आणि पुढे जे झाले ते मी सविस्तर लिहिणार नाही. एवढेच सांगतो, की या खेपेला बापूने एकदाही पखवाज थांबवला नाही. दाजी जिथे जातील तिथे तो बिचारा त्यांच्या मागे जात राहिला, हरवलेल्या माणसाला शोधावे तसा. हसले कोणी नाही. ते अधिक वाईट. अभंग कसाबसा संपला, दाजी उठले, कोपऱ्यातले पानसुपारीचे तबक त्यांनी आपणहून उचलले आणि एकेकापुढे वाकत फिरवले. या वेळी ओठ हलत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी सायकल पडवीत भिंतीला लावली आणि छत्री घेऊन चालत कचेरीत जायला लागले. सकाळी लवकर निघायचे, म्हणजे आमची गाठ पडू नये. गाणे बंद. अक्काच्या बांगड्या वाजल्या तर बोलायचे नाहीत. अक्काने मुद्दाम हिरवी बांगडी खळखळवून पाहिली, तरी मान वर झाली नाही. मी आणि हसन मुक्याने सायकली मारायचो. कोळणींनी दोन दिवस विचारले, मग तिसऱ्या दिवशी विचारायचे थांबल्या.

हसनला उलगडा झाला तो मशीनवर. एका दुपारी त्याच्या मशीनचा पट्टा सैल होऊन ठक ठक वाजायला लागला आणि तो आपोआप गुणगुणू लागला. गुणगुणता गुणगुणता थांबला, उठून माझ्या दुकानात आला. "उस्ताद, त्या दिवशी तू दाजीसाहेबांच्या सायकलीचा तो ठोका काढलास?" मी म्हटले, "ठोका काढणं हा माझा धंदा आहे." तो म्हणाला, "तो ठोका नव्हता मियाँ. तो त्यांचा पखवाज होता." मी म्हटले, "मूर्खासारखं बोलू नकोस." पण तो जे बोलला ते खरे आहे हे मला तो दारातून आत शिरला तेव्हाच कळले होते. तरी मी महिनाभर काही केले नाही. माझ्या दुकानातून ढिली पिन घेऊन एकही सायकल बाहेर पडलेली नव्हती. चांगले केलेले काम बिघडवायचे, तेही स्वतःच्या हाताने, हे मला कोणी सांगावे नि मी करावे, असा मी नव्हतो. आजही नाही.

मग एके दिवशी अक्का दुकानात आली. ती बाजारात कधी येत नसे. डोक्यावर पदर, हातात पिशवी, बाकावर बसली. म्हणाली, "बाळ्या, तुझे दाजी काल जेवताना मला म्हणाले, आमटी छान झाली आहे."

मी म्हटले, "मग?"

"बारा वर्षांत कधी म्हणाले नव्हते. गाणं चालू असायचं, आमटीकडे लक्ष कुठलं." ती उठली. "मला तशी आमटी नको. तू काय केलं असशील ते परत कर."

तिला कोणी सांगितले ते मला ठाऊक नाही. त्या दुपारी दाजी कचेरीत असताना मी पडवीतून सायकल नेली. वाटले होते, पान्याचा एक फेर उलटा दिला की झाले. तर नाही. पिन सैल केली तर ठोका दोनदा वाजू लागला. आणखी सैल केली तर डाव्याऐवजी उजव्या पायाला वाजू लागला. एकदा तर असा काही वाजला की हसन म्हणाला, "यावर फक्त ताबूत निघेल." तीन दिवस मी कानस घेऊन ती पिन केसाकेसाने झिजवत होतो आणि हसन शेजारी डोळे मिटून कान देऊन बसला होता. "नाही. अजून नाही. जरा कमी. हां, थांब. पुन्हा फिरव." एखादी वस्तू बिघडवणे इतके कष्टाचे असते हे मला त्या वयापर्यंत माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डावे पायडल खाली गेले आणि ठक असा आवाज आला, गोल, एकटा, जुना. हसनने डोळे उघडले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

सकाळी दाजी छत्री घेऊन निघाले होते, त्यांना आम्ही ओढ्यावरच्या साकवाच्या अलीकडे गाठले. मी त्यांच्या सायकलीवर. त्यांच्या बाजूने, त्यांच्या पावलाने चालवू लागलो. ठक. ठक. दाजी सरळ पुढे पाहत होते. पन्नासेक पावले गेल्यावर छत्रीचे टोक ठोक्याबरोबर रस्त्यावर आपटू लागले. आणखी पन्नास पावलांवर ओठ हलायला लागले. साकवाचा चढ आला तसा मी मुद्दाम सावकाश झालो, उतारावर मुद्दाम पळवली, पुढे जाऊन उगाच झुलवली. दाजी थांबले. म्हणाले, "उतर. तुला चालवता येत नाही. लय बिघडवतोस." मी उतरलो. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, धोतराला चिमटा लावला, आणि टांग मारण्यापूर्वी खाली वाकून डाव्या क्रँककडे क्षणभर पाहिले. मी छत्री उघडून उन्हाकडे पाहत उभा राहिलो. मग त्यांचा आवाज नारळांमधून पुढे जात राहिला आणि मी उरलेली वाट पायी चाललो.

देवळात गायला मात्र ते पुन्हा बसले नाहीत. बापू दोनदा बोलावून गेला, दाजींनी दोनदा हात जोडले. तेव्हा पुढच्या एकादशीला सकाळी नागावच्या तिठ्यावर बापूच उभा होता. डोक्याला मुंडासे, गळ्यात पखवाज, वय साठीच्या पुढे, जन्मात सायकलीला हात लावलेला नाही. हसनला म्हणाला, "मला मागं बसव. पन तोंड मागं करून. गानाऱ्याकडं पाठ करून वाजवनारा मी न्हाय." आम्ही त्याला उलटा बसवला आणि पंच्याने हसनच्या कमरेशी बांधला. हसन पुढे, त्याच्या पाठीला पाठ लावून बापू, पखवाज मांडीवर, आणि दोन हातांवर समोर दाजी, पूजेची घंटा हँडलला. त्या दिवशी जो अभंग झाला तो नागावपासून अलिबागपर्यंत झाला. रहाट आला तेव्हा दाजी डगमगले नाहीत. कोळणी पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यातली हलवा नासलेली डोळ्याला पदर लावून म्हणाली, "वारा किती मेला." मी शेवटी होतो, विठ्ठल विठ्ठल म्हणत. कचेरीपाशी पोचलो तेव्हा कडवे बाकी होते म्हणून चौघांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. शिरस्तेदार खिडकीत उभे राहून बोटांनी मात्रा मोजत होते. समेला दाजींचा पाय आणि बापूची थाप एकदमच पडली. बापूला सोडवून खाली उतरवला तेव्हा त्याला नीट उभे राहवत नव्हते. तो दाजींना म्हणाला, "हां." बापूच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी निघाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

पुढे बापू गेला. हसन आफ्रिकेतल्या भावाकडे गेला तो तिकडचाच झाला. ढिल्या पिनेने क्रँकचे भोक खाल्ले जाते. त्या सायकलीने तीन क्रँक खाल्ले, आणि प्रत्येक नव्या क्रँकला नवी पिन कानसून तोच ठोका काढून देताना मी दाजींना सांगायचो, "जरा तेलपाणी केलं." तेही म्हणायचे, "बरं केलंस." अखेरीला पाय थकले तेव्हा सायकल पडवीत उचलून उभी केली. दुपारी दाजी खुर्चीत बसून गायचे आणि अक्का एका हाताने वाल सोलत दुसऱ्या हाताने पायडल फिरवायची. ती म्हणायची, जन्मभर टाळ धरू दिले नाहीत यांना, आणि आता मला पखवाजी केलं. शेवटच्या दुखण्यात मी जवळ बसलो होतो. दाजींनी मान माझ्याकडे वळवली. "बाळू, पिन तशीच ढिली ठेवली आहेस ना?"

मी म्हटले, "कसली पिन?"

ते थोडे हसले. "बरं," म्हणाले.

अक्का अजून आहे. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून परत येताना ती पडवीतून जाते आणि जाता जाता डाव्या पायडलाला हाताने एक फेरा देते. विचारले तर म्हणते, धूळ बसते. महिन्यातून एकदा मी जातो, पाना खिशात असतो, पिन पाहतो, आणि आवळत नाही.

दाजी, ती एकादशीची पिन मीच आवळली होती. तुम्ही विचारलेत तेव्हा सांगायला हवे होते. आता लिहून दिले आहे. अक्षर वाईट आहे, पण नक्कल करून द्यायला तुम्ही नाही.